डिकीतली रिकामी जागा

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. अमुक सोसायटीत रात्री आवाज येतात, तमुक मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतं, असा मजकूर आमच्याकडे अधूनमधून येतो आणि तो कापण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. पुढचा मजकूर दुसऱ्या कोणी पाठवला असता तर चार प्रश्न लिहून मी तो परत केला असता. ते चार प्रश्न मी स्वतःला विचारून झाले आहेत. तीन सुटले. एक राहिला, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही दिल्लीत, मयूर विहारमध्ये राहतो. मी, नवरा समीर, आठ वर्षांची इरा आणि चार वर्षांचा कबीर. ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली. मुलांना घेऊन गाडीने नागपूरला जायचं ठरलं होतं. तिथे माझी आत्या असते, बाबांची थोरली बहीण. तिला आता प्रवास झेपत नाही. फोनवर ती एवढंच विचारायची, "श्रीधरला कधी आणतेस?"

श्रीधर म्हणजे माझे बाबा. ते फरीदाबादला दादा-वहिनींकडे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात उचलला जात नाही, वॉकर घेऊन चालतात, आणि बोलणं जवळपास संपलं आहे. "हो", "नको", "बरं"... त्यापुढे शब्द येत नाहीत. त्यांना नागपूरला न्यायचं मी दादाकडे काढलं, तेव्हा तो म्हणाला, "मीनल, हजार-अकराशे किलोमीटर आहे. रस्त्यात काही झालं तर काय करशील? ग्वाल्हेरच्या पुढे डॉक्टर शोधत बसशील?"

त्याचं चुकत नव्हतं. मग असं ठरलं की बाबांना या प्रवासाबद्दल सांगायचंच नाही. आम्ही नोएडावरून एक्सप्रेस-वे पकडणार होतो, त्यामुळे फरीदाबाद वाटेत लागणारच नव्हतं. ते बरंच, असं दादाला आणि मला, दोघांनाही वाटलं होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं.

बाबा फरीदाबादच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. ट्रकमध्ये माल कसा भरायचा ते ठरवणं हे त्यांचं काम. दर मे महिन्यात आमची निळी व्हॅन नागपूरला निघायची, आणि त्याआधीच्या शनिवारी बाबा ती करोल बागला नेऊन टपावरचा कॅरिअर तपासून आणायचे. दादा आणि मी सोबत जायचो, कारण परत येताना छोले-कुलचे मिळायचे. संध्याकाळी सामान भरायचा कार्यक्रम. त्यात कोणी हात लावायचा नाही. सगळं सामान आधी अंगणात मांडायचं. बाबा कमरेवर हात ठेवून नुसतं बघत उभे राहायचे, एवढा वेळ की आई म्हणायची, "अहो, नजर लागेल बॅगांना." मग ते एकदम सुरुवात करायचे, आणि एकदा ठेवलेली वस्तू पुन्हा हलवायचे नाहीत.

त्यांचा नियम एकच होता. "हवा न्यायची नाही." पातेल्यात डबे, डब्यात वाट्या, बुटांत मोजे. कुठे बोटभर जागा दिसली की ते म्हणायचे, "ही हवा कोणासाठी नेताय?" शेवटी सगळ्यावर एक चादर पसरायची, तीन कोपरे आत खोचायचे आणि चौथ्याला गाठ मारून बाहेर ठेवायची. ती गाठ ओढली की चादर एका हिसक्यात निघे. आई म्हणायची, "झाली, मालगाडी सजली."

आई गेली, व्हॅन विकली. समीरने ती व्हॅन कधी पाहिलेली नाही.

निघण्याच्या आदल्या दुपारी समीर आणि मी खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये सामान भरत होतो. दोन मोठ्या बॅगा, दोन लहान, खाण्याची टोपली — तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, कबीरला गाडी लागते म्हणून आवळा सुपारी — पाण्याचा कॅन, कबीरची पॉटी सीट, इराचं चित्रकलेचं सामान, बुटांची पिशवी. शिवाय कबीरचा लाल प्लास्टिकचा ट्रक. हा ट्रक मोठा आहे, कबीर त्यात बसू शकतो.

"ये नहीं जाएगा, बेटा," समीर म्हणाला.

"ट्रक नाही तर मी पण नाही," कबीर म्हणाला आणि खांबाला टेकून खाली बसला.

"बाबा, इसको छोड़ देते हैं. जागा पण होईल," इरा समीरला म्हणाली.

समीरने तीनदा भरून पाहिलं. पॉटी सीट आत गेली की टोपली बाहेर राही, टोपली आत गेली की झाकण लागेना. "कॅरिअर लावायला हवा होता. करोल बागला गेलो असतो तर तासाभरात झालं असतं," तो म्हणाला. आता वेळ नव्हता. शेवटी बॅगा कशाबशा आत कोंबल्या, टोपली आणि पॉटी सीट मागच्या सीटवर टाकली, डिकी दाबून लावली, गाडी लॉक केली. ट्रक खांबापाशीच राहिला. कबीरला उचलून वर नेलं. किल्ली समीरने दारामागच्या हुकला लावली. ती मी पाहिली, कारण तिथेच माझी ओढणी अडकली होती.

वर चहा झाला. मुलांना खायला दिलं. फ्रिज रिकामा केला. घरातून कोणी बाहेर गेलं नाही. तासाभराने समीर म्हणाला, "चल, टोपलीचं काहीतरी करू. मुलं बसणार कुठे?"

आम्ही चौघं खाली आलो. ट्रक खांबापाशी नव्हता. कबीरने तोंड वाकडं केलं. समीरने गाडी उघडली. मागची सीट पूर्ण रिकामी होती. मग त्याने डिकी उघडली.

सगळं आत होतं. मोठ्या बॅगा खाली, आडव्या. त्यांच्यामध्ये पाण्याचा कॅन. लाल ट्रक उजवीकडे, त्याच्या हौद्यात पॉटी सीट, पॉटी सीटच्या भोकात बूट, बुटांत मुलांचे मोजे. टोपली अशी ठेवलेली, की झाकण उघडलं की हाताला लागावी. वरून आमची हिरव्या पट्ट्यांची चादर, जी मी मुलांसाठी पुढच्या सीटवर ठेवली होती. तिचे तीन कोपरे आत खोचलेले आणि चौथ्याला गाठ.

समीर माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कधी केलंस हे?"

मी नाही म्हणाले. त्याला ते खरं वाटलं नाही.

"आणि जागा पण उरली, यार," तो म्हणाला. डाव्या बाजूला, अगदी कडेला, एक उभट, अरुंद जागा मोकळी होती. एवढं नेटकं भरलेलं असताना ती डोळ्यांत भरत होती. समीर आंब्यांची पेटी आणायला निघाला. मी म्हणाले, "थांब. तिथे काही ठेवू नकोस."

"का?"

बाबांनी जागा सोडलेली मी कधीच पाहिली नव्हती, इतकंच मनात होतं. मी डिकीचा फोटो काढला. का काढला हे आता सांगता येणार नाही. कामाची सवय असावी.

मग मी चौकशी केली. वॉचमन समोरच खुर्चीवर होता. "मैडम, इधर तो कोई नहीं आया. आप ही लोग थे, फिर ऊपर चले गए," तो म्हणाला. सोसायटीच्या कॅमेऱ्यात आमच्या गाडीचं फक्त तोंड दिसतं, डिकी दिसत नाही. त्या वेळेत गाडीकडे जाताना कोणी दिसलं नाही. मात्र खांबामागून यायला वाट आहे, हेही नोंदवायला हवं. आम्ही पुन्हा खाली जाईपर्यंत किल्ली हुकलाच होती.

मी वर येत असतानाच वहिनीचा मेसेज आला. सोबत एक फोटो, खाली हसण्याची चिन्हं. "बघ तुझ्या बाबांचे उद्योग. दुपारभर झोपले नाहीत."

फोटोत बाबांचा पलंग होता. दोन तक्के खाली आडवे. त्यांच्यामध्ये पाण्याची बाटली. उजवीकडे औषधांचा खोका, त्यात छोटी उशी, उशीवर चष्म्याची डबी. वरून चादर, तिचे कोपरे खोचलेले. आणि डाव्या कडेला, पलंग आणि तक्क्यांच्या मधल्या सांदीत, घडी करून उभा सरकवलेला त्यांचा वॉकर.

मी जिन्यातच बसले. इरा म्हणाली, "आई, काय झालं? पेट दुख रहा है?"

वहिनीला फोन लावला. ती अजून हसतच होती. "अगं, एका डाव्या हाताने सगळं. मी मदतीला गेले तर हात झटकला माझा. आधी किती वेळ नुसते बघत बसले होते. आणि झाल्यावर मीनल... मला म्हणाले, 'चला'. स्पष्ट. मी दोनदा विचारलं, काय म्हणालात? परत नाही बोलले."

"वहिनी, त्यांना आमच्या जाण्याबद्दल कोणी सांगितलं?"

"नाही गं. तुझ्या दादाने सक्त ताकीद दिली होती."

इथे एक खुलासा. इराने नंतर कबूल केलं, की आठवड्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर तिने आजोबांना आपली रंगपेटी दाखवून "ये मैं नागपूर लेके जाऊंगी" असं सांगितलं होतं. तेव्हा बाबांना प्रवासाचं कळलं असणं शक्य आहे. आम्ही त्यांना न सांगता जाणार आहोत, हेही त्यांच्या लक्षात आलं असेल. आठवडाभर ते काही बोलले नव्हते. बोलणार तरी कसे?

मी वहिनीला काहीच सांगितलं नाही. डिकीचा फोटो दादाला पाठवला, नुसता, शब्द न लिहिता. मग त्याचा फोन आला.

"ही गाठ कोणी मारली?"

"माहीत नाही."

"तू शिकली होतीस का?"

"त्यांनी कोणाला हात लावू दिला होता का कधी?"

मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. बाबांच्या पलंगाचा फोटो त्यानेही पाहिला असणार, कारण पुढचं वाक्य त्याने आवाज खाली आणून विचारलं. "ती डावीकडची जागा... तू काही काढलंस का तिथून?"

"नाही."

"सकाळी किती वाजता येताय?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक्सप्रेस-वे सोडून आम्ही जुन्या मथुरा रोडने निघालो, जसे लहानपणी निघायचो. फरीदाबादला पोहोचलो तेव्हा बाबा दाराशी खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. वहिनीने दशम्यांचा डबा दिला. दादाने औषधं, रिपोर्ट, डॉक्टरांचे नंबर, सगळं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं आणि मला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. "दर दोन तासांनी थांबायचं. बीपी बघायचं. झाशीला पोहोचलात की फोन. त्यांना वाटलं तर तिथूनच परत फिरायचं. तू हट्ट करू नकोस."

बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. वॉकर घेऊन समीर मागे गेला. मीही गेले. दादाही आला. समीरने वॉकर घडी करून त्या जागेत सरकवला. तो आत गेला. ढकलावा लागला नाही आणि पुढे कुठल्याही खड्ड्यात वाजलाही नाही. दादाने चादरीच्या गाठीला नुसतं बोट लावलं आणि डिकी लावली.

झाशीच्या मुक्कामात सगळं सामान उतरवावं लागलं. सकाळी समीर पुन्हा भरायला लागला. मी काढलेला डिकीचा फोटो त्याने मोबाइलवर समोर ठेवला होता, तरी झाकण लागेना. ट्रक बाहेर राहिला आणि कबीर पुन्हा बसायला खांब शोधू लागला. बाबा हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्चीवर चहा घेत होते. ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि डाव्या हाताचं बोट मोठ्या बॅगेकडे केलं. समीरने ती ठेवली. बोट कॅनकडे गेलं. मग ट्रककडे. कबीर उड्या मारत "आजोबा, अब ये? अब ये?" असं विचारत होता, आणि बाबा मान हलवत होते, हो, नको, हो. शेवटी सगळं बसलं. चादरीचा चौथा कोपरा मात्र समीरला जमेना. बाबांनी तो कोपरा मागून घेतला. एका हाताने, दातांत धरून, गाठ मारली. ती कशी मारतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलं.

नागपूरला आत्याने त्यांना दारातच पाहिलं आणि म्हणाली, "किती उशीर केलास रे." बाबा म्हणाले, "हो."

परत आल्यावर दादा, समीर आणि मी यावर एकदाच नीट बोललो. समीरचं म्हणणं, शेजारच्या कोणीतरी मदत केली असेल. कोणी, ते त्याला सांगता येत नाही. दादा म्हणतो, विषय नको. बाबांना मी विचारलं. एका दुपारी त्यांच्यासमोर दोन्ही फोटो धरले आणि म्हणाले, "बाबा, हे तुम्ही केलंत?" त्यांनी पलंगाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि "हो" म्हणाले. मग डिकीच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले, सामान भरण्याआधी बघायचे तसे. त्याबद्दल हो म्हणाले नाहीत. नकोही म्हणाले नाहीत.

दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. डेस्कवर हा मजकूर दुसऱ्या कोणाचा आला असता, तर मी तो अजूनही थांबवून ठेवला असता.