कंदिलाच्या काचेतली बाळंतीण

काल तुमचे डोळे मिटायला लागले तेव्हा शेषराव आपल्या मायला पाठीवर घेऊन भर ओढ्यात उभा होता. बिचारा अजून तिथंच उभा आहे. त्याला आधी पलीकडे काढू.

काल जे पेंगत होते त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की पिंपळगाव राजाच्या या शेषरावची आई मनकर्णाबाई, हिचा एक नेम होता. रोज सकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जायचं, तिथल्या काळ्या मुंगळ्यांना आपल्या हातानं पीठसाखर घालायची, आणि त्यांनी तोंड लावल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. गुडघे चालत होते तोवर म्हातारी वाटी घेऊन झपझप जायची. पुढं गुडघे थकले, पण नेम काही थकला नाही. मग वाटी म्हातारीच्या हातात आणि म्हातारी शेषरावच्या पाठीवर, अशी वरात रोज गावातून निघू लागली. त्या काळी वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडून नागपुरातून चाले, पण मनकर्णाबाईच्या घरचा कारभार तिच्या खाटेवरून चाले, आणि तिथं अपील नव्हतं.

शेषराव काही कोवळा पोरगा नव्हता. कानाजवळचे केस पिकलेले, घरात लेकरांचं लेंढार. पारावर बसून तंबाखू मळणारे उकंडराव त्याला रोज काहीतरी ऐकवायचे. "शेषराव, औंदा पोळ्याले बैलासंग तुलेई झूल घाला लागते."

त्यावर पाठीवरून उत्तर यायचं, "घाल बाप्पा. पण तुनं तुह्या मायले कधी उचललं का, ते आधी सांग."

तर त्या दिवशी ओढ्यात झालं असं, की काळ्या मातीचा चिखल पायाला पायलीभर चिकटलेला, वर मायचं वजन, आणि मधेच शेषरावच्या कंबरेत उसण भरली. पाय पुढं पडेना, मागं पडेना. मनकर्णाबाई वरून म्हणते, "शेषा, काऊन थांबला? मुंगळे वाट पाहून राह्यले."

शेवटी वखराला निघालेल्या दोन गड्यांनी एकानं आईला आणि एकानं लेकाला असं वेगवेगळं करून काठावर आणलं. झालं, निघाला एकदाचा ओढ्यातून.

घरी बायको वच्छलाबाई त्याच्या कंबरेला तेल चोळत म्हणाली, "घरात का मुंग्या कमी हायेत, आत्याबाई? साखरेच्या डब्यात पाहा."

"त्या लाल हायेत," मनकर्णाबाई खाटेवरून म्हणाली. "न विचारता खातात. चोराले जेवू घालून कुठं पुण्य लागते?"

पेरण्या तोंडावर होत्या आणि कंबर अशी. पालथ्या पडलेल्या शेषरावच्या डोक्यात तेव्हाच एक गोष्ट आली. वखरामागं चालताना त्यानं कितीदा पाहिलं होतं, की पाऊस झाला की पंखांच्या मुंगळ्या उडतात, खाली पडतात, पंख टाकून देतात, आणि जाड पाठीची एखादी एकटीच भोक उकरून आत जाते आणि आतून दार लावून घेते. पुढं तिथं मुंगळ्यांचं अख्खं गाव वसतं. म्हणजे गाव उचलून घरी आणता येत नसलं, तरी गावाची माय आणता येते.

कंबर सरळ झाल्यावर त्यानं अशा दोघी धोतराच्या सोग्यात बांधून आणल्या. खामगावच्या बाजारातून कंदिलाची काच आणली, तिच्यात माती भरली, दोघींना आत सोडलं आणि दोन्ही तोंडं चिखलानं लिंपली. सकाळी पाहतो तर एक धडधाकट होती आणि दुसरीचे पाय इकडंतिकडं पडले होते.

मनकर्णाबाई म्हणाली, "दोन मालकिणी एका घरात कोंडल्या तुनं. मले विचारलं असतं त सांगतलं नसतं का?"

चुलीपाशी वच्छलाबाईचा भाकरी थापायचा आवाज एकदम वाढला.

उरली ती एक. लिंपण उकरून मनकर्णाबाईनं आपल्या हातानं चिमूटभर पीठसाखर आत सोडली आणि वाट पाहत बसली. मुंगळीनं ढुंकून पाहिलं नाही. तिनं पाठ फिरवली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. जेवणवेळ टळली. वच्छलाबाईनं ताट वाढलं, झाकलं, पुन्हा उघडलं.

"ती खाईन तवा मी खाईन," म्हातारी म्हणाली.

"तिचाई तुमच्यासारखा नेम असंन मंग," सून म्हणाली.

म्हातारी आणि मुंगळी, दोघींपैकी कोणीच मागं हटणारी नव्हती. दिवस कलायला लागला तशी म्हातारीची मान डुलायला लागली, तेव्हा शेषरावनं तिला पाठीवर घेतलं आणि धुरा गाठला. मुंगळे खाऊन मोकळे झाले, म्हातारीनं तिथंच कांदा-भाकर खाल्ली. परतताना उकंडराव पारावर होतेच. "आज रातपाळी वाट्टे, शेषराव?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं काच उजेडात धरली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि लेकाकडं अशी पाहत राहिली, जणू तोच मुंगळीचा नवरा आहे.

"शेषा, ही बाळंतीण हाये. पोटाखाली पांढरी अंडी पाह्य. आन आपण तिच्या दारात ताट घेऊन हुभे."

त्या क्षणापासून बाळंतपण म्हातारीनं हातात घेतलं. काच तिच्या खाटेखाली गेली, वर जुन्या लुगड्याचा धडपा आला. तिथं कोणी वाकायचं नाही, शिंकायचं नाही, ओसरीत कुटायचं नाही. शेषरावला राहवलं नाही. एकदा त्यानं धडपा उचलून काच हलवून पाहिली, तर घाबरून मुंगळीनं आपलंच एक अंडं खाऊन टाकलं. मनकर्णाबाईनं लेकाशी अबोला धरला. शेताला जायचं तेव्हा नुसती त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक करायची.

हो, शेताची वारी चालूच होती. पेरणी झाली, निंदण झालं, चिखल कमी झाला नाही. पाठीवर बसून म्हातारी मुंगळीचंच कौतुक सांगायची. "अन्नाचा कण नाही तिच्या पोटात, आन लेकरं पोसून राह्यली. म्या तुह्या वेळेले डिंकाचे लाडू खाल्ले होते रे. हिचं कोणी नाही."

हे एकदा तिनं घरी म्हटलं, तर वच्छलाबाईनं विचारलं, "माह्या चौथ्या बाळंतपणात किती लाडू केले होते, आत्याबाई?" त्या दिवसापुरता लाडवाचा विषय तिथंच संपला.

पोळा झाला आणि एका सकाळी काचेला आतून बारीक बारीक काळे ठिपके चालताना दिसले. लेकी झाल्या होत्या. शेषरावनं चिखलाच्या लिंपणात काडीनं भोक पाडलं. मनकर्णाबाईनं वाटीतली पीठसाखर आपल्या हातानं तोंडाशी ठेवली. घरदार काचेभोवती जमून बसलं. एक ठिपका बाहेर आला, साखरेला मिशा लावून आत पळाला. मग तिघी आल्या. एकीनं डोक्याएवढा कण उचलला आणि आत नेला.

"वाढ व, वच्छला," म्हातारी म्हणाली, आणि घरात बसून, पाय न हलवता, दीड भाकर जेवली.

शेषराव तडक पारावर गेला. "उकंडराव, आजपासून झूल तुमच्या बैलालेच घाला," म्हणाला, आणि त्या रात्री असा झोपला की उजाडल्यावर बायकोनं हलवून उठवलं. उठून ओसरीत येतो तर माय डोक्यावर पदर घेऊन, हातात वाटी धरून, पायरीवर तयार बसलेली.

"आता काऊन व माय?" शेषरावचा आवाज रडवेला झाला. "काल तुह्याच हातानं खाल्लं ना घरच्या मुंग्याइनं?"

मनकर्णाबाई म्हणाली, "खाल्लं ना. बाळंतपण म्या केलं, लेकरं माह्या खाटेखाली झाली, आता त्या घरच्याच झाल्या. घरच्याइले जेवू घातलं त संसार होते बाप्पा, पुण्य नाही होत. वाक खाली, ऊन होऊन राह्यलं."