चिखलात बसवलेल्या चार कांड्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो — का, ते मलाही नीट कळलेलं नाही. मधेच थांबलो तर समजून घ्या.

लातुरात मी क्लास घेतो. फिजिक्स. चुंबकत्वाचा धडा माझ्याकडूनच शिकायचा म्हणून पोरं बाहेरगावाहून येऊन खोल्या घेऊन राहतात. मी फळ्यावर उत्तर-दक्षिण काढतो आणि तीनशे माना खाली जातात, उतरवून घेतात. एकही पोरगं शंका घेत नाही. कधी कधी वाटतं, अरे, एकानं तरी घ्या!

पण आधी खडकाचं सांगतो.

भूकंपानंतरची गोष्ट. मी नांदेडला भूगर्भशास्त्रात संशोधन करत होतो. जो तो विचारायचा, पायाखालची जमीन अखंड हाय का तुकड्यातुकड्यांची? आमचं कामच ते. आपला काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. थंड होताना तो त्यातल्या लोहकणांमुळं त्या काळची उत्तर दिशा अंगात धरून ठेवतो. पुढं जमिनीचा तो तुकडा फिरला, तर त्याच्यातली उत्तरही सोबत फिरते. ती मोजायला खडकात मशीननं भोक पाडून बोटभर कांडी काढायची. मात्र ती बुडाशी खडकाला चिकटलेली असतानाच, सूर्याच्या सावलीवरून दिशा मोजून तिच्यावर रेघ मारायची. रेघेआधीच कांडी तुटून भोकात गरगरली, की तिची दिशा गेली. ती फेकायची, दुसरं भोक पाडायचं. इतका साधा नियम.

मशीन माझ्याकडे असायचं. रेघ आणि वही सुलभाकडे. सुलभा भोकरकडच्या शेतकरी घरातली, मला ज्युनिअर. मला दादा म्हणायची. संशोधन चालू आहे तोवरच घरचे तिच्या लग्नाचं थांबले होते. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

इस्लापूरला नदीच्या पात्रात आमचा शेवटचा दिवस होता. मशीन गार ठेवायला घालायचं पाणी संपत आलं म्हणून ती डबा घेऊन डोहाकडे गेली. जाताना म्हणाली, "दादा, मी येईस्तोवर दमानं घ्या."

मी कसला दम धरतोय! एसटी चुकेल म्हणून उरलेल्या पाण्यावरच मशीन रेटलं. एक कांडी तुटून गरगरली. मग दुसरी. अशा चार. कांड्या वाया घालवतो म्हणून गाईड सरांनी मला आधीच झापलं होतं. आणखी वाया गेल्या तर मशीन दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. मग मी काय केलं? भोकांतला चिखल बोटानं दाबला आणि चारही कांड्या परत घट्ट बसवून टाकल्या.

सुलभा आली. सावली बघून चारही कांड्यांवर नीट रेघा मारल्या, वहीत आकडे लिहिले. कांडी काढताना म्हणाली, "अगंबाई, लई अलगद निघाली की!" मी हसलो. म्हणालो, खडकच भेगाळलेला आहे.

प्रयोगशाळेत चार कांड्यांची उत्तर चार दिशांना निघाली. सरांनी वही मागवली. अक्षर सुलभाचं. हिच्या आधीच्या रेघांवर तरी विश्वास कसा ठेवायचा, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. मी तिथंच होतो. तिच्या शेजारच्या खुर्चीवर.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला विचारलं, "दादा, सावली वाचायला माझंच चुकलं असंल का हो?" तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो — लाज वाटते सांगायला — "होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नको." वर सांत्वन! महिन्याभरात तिचं काम बंद झालं. लग्न ठरलं. पुढच्या हिवाळ्यात मी तिथंच नवी भोकं पाडली, रेघाही मीच मारल्या, आकडे जुळले. सर म्हणाले, बघा, हाताला शिस्त लागते. त्याच आकड्यांवर मी डॉक्टर झालो.

भीती होती, हे खरं. पण भीती एका दुपारची असते. नंतरची सगळी वर्षं मी आरामात गप्प होतो.

या जूनमध्ये सुलभा क्लासच्या ऑफिसात आली. केस पिकलेत. पोरीचा प्रवेश घ्यायचा होता. मला बघून तिला इतका आनंद झाला! पोरीला म्हणाली, "सरांच्या संगं मी काम केलेलं हाय. माझ्याच हातानं चुकलं तवा, सरांचं नाव खराब होता होता वाचलं. सर सांगतील तसं कर." पोरगी माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

ती आता तिसऱ्या बाकावर बसते. हुशार आहे, अगदी आईसारखी. पण आकृतीत रेघ मारली की पुसते, परत मारते, परत पुसते. पेपर अर्धा राहतो. परवा मी विचारलं, अगं, पहिलीच रेघ बरोबर होती, पुसली कशाला?

ती म्हणाली, "आई म्हणती, आपल्या घरात हात चुकतो, सर."

मी डस्टर उचललं, फळा पुसला आणि पुढचं गणित घातलं.