जयाच्या बिया माझ्या डब्यात

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. आपल्या मंडळाच्या या सदरात लोक पांढऱ्या साड्या आणि पैंजणांचे आवाज लिहून पाठवतात, ते वाचून मला हसू येतं. मी स्मशानाशेजारच्या रस्त्याने एकटी आले-गेले, बायकांची मढी धुतली... मला कधी काही दिसलं नाही. तरी एक गोष्ट आहे जिचा उलगडा झालेला नाही. ती लिहिते. शाळा माझी कन्नड, तीही चौथीपर्यंत. मराठी बाबांनी घरी पाटीवर शिकवली. नातीने टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आहे, बाकी मजकूर माझा.

जागा — बंगळूर, राजाजीनगर. साठ साल उलटून थोडी वर्षं झाली होती. तेव्हा तिथे आखलेले रस्ते, अर्धे रिकामे प्लॉट आणि त्यांत चरणाऱ्या म्हशी. बाबा बेळगावकडचे, सरकारी कारखान्यात लेथवर होते. आमच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत लावून पुट्टम्माच्या दोन खोल्या. तिचा नवरा बाबांच्याच कारखान्यात, दोघे सायकली घेऊन बरोबर निघायचे. दोन्ही घरांसमोर मिळून एक होंगेचं झाड होतं. होंगे म्हणजे आपलं करंज.

माझं नाव कोंडाबाई. हल्लीच्या मुली हसतात, म्हणून सांगते. माझ्याआधी आईच्या दोन मुली गेल्या, शांता आणि मालती. असं झालं की पुढच्या मुलाला विकतात. मी जन्मले तेव्हा पुट्टम्माने सूपभर कोंडा आईच्या ओटीत घातला आणि मला उचलून नेलं. म्हणजे मी तिची झाले. मरण दारात आलं तर ते आईची पोर शोधणार, पुट्टम्माची नाही — असा हिशेब. तिची जया माझ्याच महिन्यातली. आईला दूध नव्हतं, पुट्टम्माने दोघींना अंगावर पाजलं. मी तिला अव्वा म्हणायची आणि आईला आई. मोठी झाल्यावर कोंडा परत केला की मूल घरी येतं. राहायला-झोपायला मी आमच्याच घरी, पण तोवर आमच्या घरात माझं वय काढायचं नाही. वाढदिवस नाही, ओवाळणं नाही. कुणी विचारलं, मुलगी केवढी? तर आई म्हणायची, "ती शेजारणीची आहे, तिला विचारा."

आता हे सगळं थोतांड आहे हे मला तेव्हाही वाटायचं. पण एका संक्रांतीला बेळगावहून आत्या आली आणि चुलीपाशी आईला म्हणाली, "वहिनी, चौदावं लागलंय ना हिला? दोघी चौदाव्यातच गेल्या गं." आईने हातातलं उलथनं खाली ठेवलं. मी दाराआड होते.

रात्री बाबांना एकटं गाठून विचारलं, मी कधी जन्मले? त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "नागपंचमीच्या आगेमागे. जा, झोप."

म्हणजे नागपंचमी पार केली की मी सुटले. दुसऱ्या दिवसापासून मी मोजायला लागले. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. अव्वा होंगेच्या बिया वाळवून तेलाला द्यायची, त्यांचं पोतं मागच्या पडवीत असायचं. सकाळी डोळे उघडले की डब्यात एक बी टाकायची. आज आहे, एवढाच त्याचा अर्थ. आईला कळलं असतं तर तिने पाठ सोलली असती, म्हणून डबा माळ्यावर. माळ्यावर जायला शिडी लागायची.

जयाला सांगितलं. तिच्यापासून काही लपत नसे.

"मग मीपण टाकते," ती म्हणाली. आम्ही कन्नडात बोलायचो, इथे मराठीत लिहिते आहे.

"तुला कशाला? तुझ्या कुठे बहिणी मेल्यात?"

"तू एकटी मोजत बसलीस तर वेड लागेल. आधीच स्वल्प वेडी आहेस."

तिने आपल्या डब्यातल्या प्रत्येक बीवर तापवलेल्या पिनेने एक टिंब काढलं. हौस. तिला प्रत्येक गोष्ट सजवायची सवय होती, दप्तरावरसुद्धा लोकरीची फुलं. ती शाळेत जायची, सातवीत होती. तिचा डबा तिच्या घरी, पीठ वाटायच्या दगडी रगड्यामागे.

उन्हाळ्यापर्यंत काही झालं नाही. मग एका सकाळी मी माळ्यावर चढले तर माझ्या डब्यात वरच तीन-चार टिंबवाल्या बिया.

मी खाली उतरून जयाकडे गेले. "आमच्या माळ्यावर कधी चढलीस गं?"

"मी? तुमच्या माळ्यावर पाल आहे. कुणी पैसे दिले तरी नाही चढणार."

"मग ह्या कुठून आल्या?"

तिने बिया हातात घेऊन पाहिल्या. "उंदीर. तुमचा मराठी उंदीर दिसतोय, आमच्या घरातलं उचलून तुमच्या घरी भरतोय." ती खूप हसली. मीही हसले. बिया तिच्या डब्यात टाकल्या.

पुन्हा आल्या. पुन्हा परत केल्या. मी माझ्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं, वर वरवंटा ठेवला. सकाळी वरवंटा तिथेच, झाकण तसंच, आणि आत टिंबवाल्या बिया. उंदीर वरवंटा उचलत नाही, एवढं मला चौथी शिकूनही कळत होतं.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते. मृग लागला तसं माझं पोट दुखायला लागलं. भीतीने असेल. मालतीचं म्हणे पोटातूनच सुरू झालं होतं. त्या दिवसांत एका सकाळी डबा उघडला तर तो टिंबवाल्या बियांनी वरपर्यंत भरलेला. हात आत घातला, बिया गार होत्या. आणि मला बरं वाटलं. पोट दुखायचं थांबलं. एवढे दिवस आहेत माझ्याकडे, असं मनात आलं. मी झाकण लावलं आणि खाली उतरले. त्या दिवशी बिया परत केल्या नाहीत. नंतरही नाही.

जयाने एकदा विचारलं. केसांना तेल लावायला आम्ही दोघी अव्वाच्या पुढे पायरीवर बसलो होतो.

"कोंडू, माझा डबा हलका लागतोय. तुझ्याकडे आल्यात का?"

"नाही."

"एकपण नाही?"

"नाही म्हटलं ना. तू टाकायला विसरतेस."

"असेल," ती म्हणाली. "जाऊ दे. बियाच आहेत."

अव्वाने मागून विचारलं, "कसल्या बिया?"

"खेळायच्या," मी म्हणाले.

आषाढात जयाला ताप आला. आधी साधा वाटला, मग उतरेना. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले टायफॉइड, उशीर झालाय. अव्वा आणि तिचा नवरा तिथेच राहिले, घराची किल्ली आईच्या कमरेला. बाबा कामावरून परस्पर दवाखान्यात जायचे आणि येऊन मान हलवायचे.

मी घाबरले. या खेपेला माझ्यासाठी नाही. संध्याकाळी आईला म्हटलं, अव्वाच्या तुळशीला पाणी घालून येते, किल्ली दे. माझा डबा पदराखाली घेतला. रगड्यामागून जयाचा डबा काढला, तर त्यात तळाला दोन-चार बिया. मी माझा अख्खा डबा त्यात ओतला, तिच्या बिया आणि माझ्याही. एकही ठेवली नाही. काथ्याच्या दोरीने डबा उभा-आडवा बांधला, गाठीवर गाठ मारली. कुलूप लावलं, किल्ली आईला दिली, रिकामा डबा माळ्यावर ठेवला.

त्या रात्री बाबा दवाखान्यातच थांबले होते. मला झोप लागली नाही. आईचा हात माझ्या अंगावर होता, ती जागीच होती. आमच्यापैकी कुणी उठलं नाही.

उजाडल्यावर मी शिडी लावली. डबा उचलायला गेले तर एका हाताने उचलेना. पूर्ण भरलेला. टिंबवाल्या, बिनटिंबाच्या, सगळ्या.

मी आईच्या कमरेची किल्ली ओढून घेतली आणि पळाले. आई मागून ओरडत होती. कुलूप जसंच्या तसं. रगड्यामागे डबा, त्यावर माझी दोरी, माझ्याच गाठी. त्या मला सुटेनात, विळीने कापल्या. आत काही नव्हतं.

डबा हातात घेऊन मी निघाले. दवाखाना कुठे आहे तेसुद्धा धड माहीत नव्हतं, बसच्या रस्त्यापर्यंत पोचले होते. समोरून बाबा सायकल हातात धरून चालत येताना दिसले. ते सायकलवर बसलेले नव्हते, त्यावरून मला कळलं.

नातीचं म्हणणं, आजी, तू झोपेत चालत असशील. माझा एक भाचा डॉक्टर आहे, तोही तेच म्हणतो. मी म्हटलं, आईच्या हाताखालून उठले, कमरेची किल्ली काढली, अंधारात डबा रिकामा करून त्याच गाठी पुन्हा मारल्या, शिडी लावून माळ्यावर चढले, आणि माझे पाय मळलेसुद्धा नाहीत? बाहेर चिखल होता. तो म्हणतो, मामी, इतक्या वर्षांनी आठवणी बदलतात. बदलत असतील. टायफॉइडने तेव्हा पुष्कळ मुलं जायची, त्याला बियांची गरज नव्हती, हेही मला कळतं. मी मूर्ख नाही. बिया मी रिकाम्या प्लॉटमध्ये फेकून दिल्या. त्यानंतर काही झालं नाही. नागपंचमी आली आणि गेली. मला साधं पडसंही झालं नाही.

पंचमीनंतर अव्वा आमच्या दारात आली. आत येईना. म्हणाली, "अक्का, माझा कोंडा मला परत दे."

आई म्हणाली, "अगं बैस तरी. कोंडू तुझीच आहे, तुझ्याकडेच राहू दे. तुझं घर रिकामं झालंय..."

"बेडा अक्का, नको. माझं नाव आता चांगलं नाही. माझ्या नावावर पोर टिकत नाही. हिला घेऊन टाक, लौकर."

मला वाटलं आई आणखी आग्रह करेल. आई आत गेली आणि लगेच बाहेर आली. सूप भरलेलंच होतं, वर नारळ आणि खणसुद्धा. तिने आधीच तयार ठेवलं होतं.

अव्वाने पदर पुढे केला. आईने कोंडा ओतला. अव्वा मला म्हणाली, "जा, तुझ्या आईला नमस्कार कर." मी केला. अव्वाच्याही पाया पडायला वाकले तर ती मागे सरली.

त्या दिवसापासून तिने माझ्या केसांना हात लावला नाही. कुणाच्याच मुलाला लावला नाही. हळदी-कुंकवाला बोलावलं तर दारातूनच परत जायची. गल्लीतल्या बायकांनी तिला तसं काही म्हटलं नव्हतं, तिनेच ठरवून टाकलं होतं. वर्षभरात तिच्या नवऱ्याने ते घर सोडलं, दोघं शहराबाहेर येलहंक्याकडे राहायला गेली.

माझं लग्न सतराव्या-अठराव्या वर्षी झालं. पहिला मुलगा काही महिन्यांचा असताना मी येलहंक्याच्या बस स्टँडवर उभी होते, नणंदेकडून परतत होते. कुणीतरी "कोंडू" म्हणालं. अव्वा. केस सगळे पांढरे झालेले. हातात भाजीची पिशवी.

"तुझा?"

"हो."

"छान आहे. कान तुझ्या बाबांचे." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

मी मूल पुढे केलं. "घे ना अव्वा."

"बेडा, कोंडू, बेडा." ती दोन पावलं मागे गेली, दगडाला अडखळता अडखळता राहिली. "लांबूनच बघते. सरी? चालेल ना?"

मुलगा तिच्याकडे बघून हात हलवत होता. ती हसत होती आणि हात पदरातच होते.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? त्या बिया कशा आल्या, कुणी आणल्या, त्यांचा जयाशी संबंध होता की नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. जे माहीत नाही ते कसं सांगायचं? पण तिच्या नावात काही खोट नव्हती, एवढं मला नक्की माहीत होतं. तेवढं सांगता आलं असतं.

बस आली. मी चढले.