सासूबाई, सर्दी आणि माझी निलगिरी

झूटरमेर या डच गावात ऑस्ट्रेलियन झाडांची बॉन्साय करणारा एकच क्लब आहे आणि त्याचा संस्थापक मी आहे. मी ऑस्ट्रेलियात कधीही गेलेलो नाही.

क्लब निघाला तो निव्वळ रागातून. चार वर्षं मी एक निलगिरी कुंडीत वाढवत होतो. एरवी जी विजेच्या तारांना टेकते, ती मी दीड फुटात बसवली होती. मोठ्या अभिमानाने तिला इथल्या जुन्या बॉन्साय क्लबात घेऊन गेलो, तर तिथल्या अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं आणि सांगितलं की झाड बुटकं आहे, पण पानं थोराड आहेत. हे बॉन्साय नव्हे, कुंडीतलं झाड. (डच माणूस तुमचं मन राखायला म्हणून खोटं बोलत नाही. मी पुण्याचा आहे, मला अपमानाची सवय आहे, तरीही लागलं.) सायकलच्या पुढच्या खोक्यात निलगिरी ठेवून मी तडक घरी आलो आणि बायकोला सांगून टाकलं की मी स्वतःचा क्लब काढतोय, फक्त ऑस्ट्रेलियन झाडांचा.

मंजिरी म्हणाली, "पुण्यात सोसायटीच्या मीटिंगचं नाव काढलं की तुझं पोट दुखायचं."

पण मी ऐकतोय कसला! क्लब म्हटला की अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार आलेच. अध्यक्ष अर्थातच मी. सचिव शेजारचा हेंक, कारण तो तरुणपणी बारा वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आला होता आणि त्याच्याकडे बॉटलब्रशची दोन मरतुकडी रोपं होती. खजिनदार मंजिरी, हे तिला चार दिवसांनी कळलं. वस्तीच्या हॉलची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी महिन्यातून एक शनिवार आम्हाला खोली द्यायचं कबूल केलं, पण अट घातली: जूनमध्ये हॉलमधले सगळे क्लब लोकांपुढे आपापलं काम मांडतात, त्या ओपन डेच्या संध्याकाळपर्यंत दहा सभासद झाले पाहिजेत. नाहीतर खोली पत्ते खेळणाऱ्या आजोबांना. आम्ही होतो तिघं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी कळकळीचं आवाहन टाकलं, त्यावर बत्तीस अंगठे आले आणि एक प्रश्न आला, कढीपत्ता चालेल का. म्हणजे उरलेले सात सभासद निलगिरीनेच मिळवायचे होते, कारण लोकांपुढे ठेवावं असं आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

अशात साताऱ्याहून सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. बाई कामाची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मसाल्याचे डबे बदलले, तिसऱ्या दिवशी हेंकला चकल्या खायला घातल्या. मे महिना होता, पण वारं असं की स्वेटर काढवत नव्हता, आणि आठवड्याभरात सगळ्या घराला सर्दी झाली. मंजिरी त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या सभ्य बाईंनी तपासलं, हसल्या, आणि पॅरासिटॅमॉल घ्या, दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर या, असं सांगितलं. सासूबाईंना हा साताऱ्याचा अपमान वाटला. दोन आठवड्यांत सर्दी आपली आपण जाते, त्याला डॉक्टर कशाला, असं त्या रात्रीच्या जेवणापर्यंत म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेडा शहरातल्या ऑफिसातून दमून घरी आलो. दार उघडलं आणि काय सांगू, असा दरवळ आला की माझं चोंदलेलं नाक एका श्वासात मोकळं झालं. आत डायनिंग टेबलाभोवती तीन माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. एक मंजिरी, एक सासूबाई, आणि तिसऱ्या टॉवेलखालून हेंकचे सॅंडल दिसत होते. मधोमध पातेल्यातून वाफा निघत होत्या.

"वा, आई! निलगिरीचं तेल कुठं मिळालं तुम्हाला?" मी मनापासून विचारलं.

टॉवेलखालून उत्तर आलं, "तेल कसलं, मिलिंदराव. तुमच्या झाडाचा पाला आहे. ताजा."

मी खिडकीकडे पाहिलं. कुंडी होती. कुंडीत खोड होतं, फांद्या होत्या. पान म्हणून एक नव्हतं. चार वर्षं ज्या झाडावर मी एकेका पानाचा हिशेब ठेवला, ते एखाद्या उलट्या खराट्यागत उभं होतं.

आता इथे जावई नावाच्या प्राण्याची अडचण लक्षात घ्या. स्वतःची आई असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. सासूबाईंवर आवाज चढवायची आपल्यात सोय नाही. मी म्हणालो, "छान केलंत." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, माझ्याही डोक्यावर टॉवेल टाकला, आणि मी त्याखाली भरपूर रडून घेतलं. वाफेमुळे डोळ्यांतून पाणी येतंच, असं त्या कौतुकाने सांगत होत्या.

मंजिरीने रात्री त्यांना खरी गोष्ट सांगितली. सकाळी पाहतो तर सासूबाई झाडापुढे खुर्ची टाकून बसलेल्या, डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "मला वाटलं औषधासाठीच लावलंय. घरात निलगिरी आणखी कशासाठी लावतात?" खरं सांगायचं तर माझा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला निम्मा हेंकने उतरवला. त्याने खोडावर नख मारून पाहिलं, आत हिरवं होतं. तो म्हणाला, तिकडे वणव्यात ही झाडं कोळसा होतात आणि महिन्याभरात बुंध्यातून फुटतात. तुझ्या झाडाला वाटलं असेल वणवा लागला. सासूबाईंकडे एक नजर टाकून तो पुढे म्हणाला की झाडाचं फारसं चुकलं नाही. हे मी मराठीत भाषांतर करून त्यांना सांगितलं नाही.

ओपन डेला पंचवीस दिवस उरले होते. सासूबाईंनी कुंडी दक्षिणेच्या खिडकीत हलवली आणि तिची देखभाल माझ्याकडून काढून घेतली. अकराव्या दिवशी खोडावर गुलाबी ठिपके दिसले. विसाव्या दिवशी फांदीफांदीवर पालवी, आणि पानं केवढी? करंगळीच्या नखाएवढी! चार वर्षं जी पानं मला बारीक करता आली नव्हती, ती सर्दीने केली. सासूबाई, मंजिरी आणि मी खिडकीपाशी उभे राहून लहान मुलांसारखे हसत होतो.

ओपन डेला जुन्या क्लबचे अध्यक्ष आले. चष्मा वर केला. कुंडी चारही बाजूंनी फिरवून पाहिली, मग म्हणाले, "आता हे बॉन्साय आहे." पानं कोणी काढली, त्यांनी विचारलं. मी छाती पुढे काढून "मी" म्हणालो. कधी काढायची हे कसं ठरवलं, त्यांनी विचारलं. मी हवामानाबद्दल काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात आमच्या सचिवाने प्रांजळपणे सांगून टाकलं, "याच्या सासूबाईंनी काढली. सर्दीसाठी. मी पण वाफ घेतली."

झालं. माणसं मला सोडून सासूबाईंभोवती जमली. साडीवर मंजिरीचं विंडचीटर घातलेल्या सासूबाईंनी, डचचं एक अक्षर न येता, मेथी निवडतो तसं देठ राखून पान कसं खुडायचं ते दाखवलं. अध्यक्ष थक्क झाले. देठ राखला म्हणूनच त्याच्या बगलेतला कोंबाचा डोळा वाचला, म्हणे. हे शिकायला त्यांच्या सभासदांना कात्री घेऊन दोन-दोन वर्षं लागतात. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी नावं नोंदवली. त्यात नववं नाव खुद्द अध्यक्षांचं होतं. आजोबांना पत्त्यांसाठी दुसरी खोली बघावी लागली आणि मी आनंदाने हेंकला मिठी मारली, जे त्याला अजिबात आवडलं नाही.

पुढच्या शनिवारी बारा सभासदांची पहिली सभा झाली. अध्यक्षपदासाठी सासूबाईंचं नाव आलं आणि एकमताने मंजूर झालं. विरोधात मत द्यायला मी हात वर करणार होतो, पण मंजिरीने टेबलाखाली पाय दाबला. आता त्या साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर सभा चालवतात. मी फोन झाडासमोर धरतो. हेंकने इतिवृत्तात माझं काम नीट लिहून ठेवलं आहे: झाडांना पाणी घालणे. खाली आणखी एक ओळ आहे, संस्थापकाने अध्यक्षांना विचारल्याशिवाय पानांना हात लावू नये.