चीर पडेपर्यंत

चेन्नईजवळच्या आमच्या तांबरमच्या प्रयोगशाळेतल्या बाई बकऱ्याच्या कमरेचे मणके यंत्रात बसवून त्यांना ट्रकच्या सीटचे धक्के देतात, आणि ते सुकू नयेत म्हणून, ताप आलेल्या पोराला पुसावं तसं ओल्या फडक्यानं टिपत राहतात.

परवा सीटच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "अहवालात मणक्याला चीर नको. त्याआधीच यंत्र थांबवा." बाई तंजावरच्या मराठी, मीही मराठी, म्हणून त्यांना पटवायला साहेबांनी मला पुढे केलं. लाडीगोडी लावायला मी यंत्रावर ऐटीत रेललो आणि माझीच कंबर धरली.

"तसेच वाकून राहा सार," बाई म्हणाल्या. "चीर पडेल म्हणून ड्रायव्हर वाटेत उतरतो काय?"

"पुढची कामं मिळणार नाहीत," साहेब म्हणाले.

"नकोत."

यंत्र चालूच राहिलं. चीर पडली तेव्हा बाईंनी अहवालाच्या फोटोसाठी कॅमेरा माझ्याच हातात दिला. मी कण्हत फोटो काढला, अगदी स्पष्ट.