मेलेल्या मेंबराचा वाटा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर पडवीत बसून गाऊन बघितले.

बायको विहिरीवर पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पोलक्यात हात शिरेना. पुढून बटणं असलेला गाऊन हवा होता. मालवणच्या बाजारात मी दोनतीन दुकानं हिंडलो, कुणाकडे नव्हता. मुंबईहून मुलगी म्हणाली, फोनवर मागवा, घरी आणून देतात. मोठा फोन बायकोचा. माझा साधा, बटणांचा. ती सुकी मासळी विकायची, तिचे पैसे लोक त्या फोनवर टाकायचे, म्हणून तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मी जेमतेम चौथी शिकलेला.

डाव्या हाताच्या बोटानं ती एकेक गाऊन वर सारत होती. मी चष्मा लावून शेजारी.

"ह्यो बघा. लाल."

"त्यात तू दशावतारातली राणी दिसतलंस."

"दिसलंय तर दिसलंय. तुमका राजा होवचा नाय ना? मग गप ऱ्हवा."

शेवटी जांभळट रंगाचा, बारीक पांढऱ्या फुलांचा एक तिच्या मनात भरला. पुढून बटणं होती. तो घ्यायला गेलो तर मधेच एक चौकट आली. मेंबर व्हा, किंमत कमी होईल, पहिला महिना जवळजवळ फुकट. हे मराठीत, मोठ्या अक्षरांत. खाली इंग्रजीत मुंग्यांची रांग लागावी तसलं काहीतरी होतं. ते आम्ही दोघांनीही वाचलं नाही. वाचता येत असतं तरी दिसलं नसतं.

"मेंबर होव काय ओ?" तिनं विचारलं.

मेंबर हा शब्द आमच्याकडे वाईट नाही. मी जन्मभर रापणीचा मेंबर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात सोडून येते आणि दोन्ही टोकांचे दोर आम्ही वाळूत उभे राहून ओढतो. जाळ्यात जे येईल त्याचे वाटे पडतात. मेंबर असेल त्याला वाटा. म्हातारा झाला, दोराला नुसता हात लावून उभा राहिला, तरी वाटा. आजारी पडला तरी वाटा. आणि मेला तर तो हंगाम सरेपर्यंत त्याच्या घरी वाटा जातो. विधवेला मागायला यावं लागत नाही. टोपली दारात येते. मेंबर होणं म्हणजे काय, हे मला एवढंच माहीत.

"हो म्हण," मी म्हटलं. "मेंबराक कोणी बुडवणत नाय."

"म्हणतंयच. तुमी येवडी वर्सां मेंबर. माका कोणी केलां नाय." आणि हसत हसत तिनं बोट दाबलं. मग आपला गुपित आकडा घातला. तो घालताना मला मुद्दाम पलीकडे बघायला लावलं. मग एका हातानं तांदूळ निवडायला बसली.

त्याच आठवड्यात ती गेली. हाताचं काही नव्हतं. छातीत कळ आली आणि चुलीपुढे बसली होती तिथंच कलंडली. लोक म्हणाले, भाग्याची, सवाष्ण गेली. भाग्य कसलं त्यात ते त्यांनाच ठाऊक.

पार्सल आलं तेव्हा घरात सुतक होतं. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून माणसानं तिचं नाव मोठ्यानं घेतलं. पडवीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. सुतकात आम्ही नवं कापड घरात आणत नाही, उलगडत नाही. मी त्याला म्हटलं, गोठ्याच्या खुंटीला अडकव. गोठ्यात गुरं कधीचीच नाहीत, तिथं त्याचा विटाळ नव्हता. तेराव्यानंतर मुलीनं ते फोडलं.

आतून निघाला पिवळा. मळकट पिवळा, आणि बटणं मुळीच नाहीत. डोक्यातून घालायचा. प्लास्टरच्या हातानं तो तिला घालताच आला नसता. म्हणजे ती जगती तरी त्या गाऊनचा उपयोग नव्हता.

"परत धाड," मी म्हटलं.

मुलीनं फोनमध्ये बघितलं. "मुदत सरली बाबा. परत धाडूक आठवडोच होतो."

"सुतक होतां ना?"

"त्यांका सुतक नसता."

मी तो गाऊन तसाच पिशवीत कोंबून परत खुंटीला लावला. वाटलं, इथं विषय संपला. एक चुकीचं कापड गळ्यात पडलं, पडू दे. त्या दिवसांत गाऊनवर कोण डोकं फोडणार?

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी एवढा का भडकलो ते कळायचं नाही. प्लास्टर घालून घरी आलो त्या संध्याकाळी बायको देवळाच्या दिशेला तोंड करून बोलली होती. हात बरो झालो तर माझ्या सुक्याच्या पैशांनी तुका काठाची साडी नेसवतलंय. आमच्या गावच्या देवीला जत्रेत साडी नेसवतात, ओटी भरतात. हात बरा व्हायच्या आधी माणूसच गेलं. भावकीतले म्हणाले, नवस फिटला, काही देणं लागत नाही. ते देवी आणि तिचं दोघींचं. मला एवढंच ठाऊक की ती बोलली होती, आणि स्वतःच्या पैशांनी म्हणाली होती. माझ्या नाही, मुलीच्या नाही. वाळूत बसून, माशा हाकलत, पेडव्यांसारखी बारीक मासळी वाळवून तिनं जे साठवलं होतं त्यातून.

घरात वर्ष पाळलं. त्या वर्षात साडी द्यायची नव्हती. तिचं खातं आम्हा दोघांच्या नावावर होतं, पण मी त्याला हात लावला नाही. वर्षश्राद्ध झालं. जत्रा तोंडावर आली. मुलगी ओटी भरायला येणार होती. म्हणून मी पैसे काढायला बँकेत गेलो.

खिडकीमागे एक तरुण बाई होती. तिनं आकडा सांगितला. मी म्हटलं, परत बघा, कुणा दुसऱ्याचं खातं असेल.

"तुमचंच आहे आजोबा. दर महिन्याला पैसे जातायत. कपड्यांची कंपनी आहे. मेंबरशिप."

"आम्ही एकच गाऊन घेतला. तोही चुकीचा."

"गाऊनचे वेगळे. हे मेंबर राहण्याचे आहेत. तुम्ही काही घ्या, न घ्या, ते जातातच. खातेदारानं परवानगी दिलेली आहे."

"खातेदार मेली. वर्ष झालं."

तिनं मान वर केली. बाई वाईट नव्हती. म्हणाली, "तुम्ही अर्ज द्या, यापुढचं मी आत्ता बंद करून देते. पण जे गेलं ते परत द्यायचं कंपनीच्या हातात आहे. त्यांना फोन करा."

मी सही केली आणि उरलेले काढून घेतले. बाजारात काठाच्या साडीचा भाव मला माहीत होता. त्या पैशांत पदर आला असता. बाकीची साडी त्या लोकांनी वर्षभर थोडी थोडी फाडून नेली होती. घरात तिचं वर्ष चालू होतं आणि त्यांचा तिच्याकडून वाटा घेणं चालू होतं. रापणीत मेलेल्या मेंबराच्या घरी वाटा पोचवतात. इथं मेलेल्या मेंबराच्या घरातून नेतात. चोर तरी एकदा येतो, घरात माणूस असेल तर बिचकतो.

घरी येऊन बायकोचा फोन काढला. बँकेच्या कामाला लागेल म्हणून मुलीनं तो नंबर चालू ठेवला होता. माझ्या फोनवर मुलगी, हातात बायकोचा फोन. ती सांगेल तिथं मी बोट लावत होतो. मेंबर होताना एकदाच दाबलं होतं. बाहेर पडायला दाबून दाबून बोट दुखलं. एका ठिकाणी विचारलं होतं, आम्हाला सोडून का चाललात? खाली कारणं दिलेली. कपडे आवडले नाहीत. किंमत जास्त वाटते. दुसरीकडे घेतो. मुलगी एकेक वाचायला लावत होती. माणूस मेलं, हे कारण त्यांत नव्हतं.

"इतर दाबा बाबा," ती म्हणाली.

इतर दाबलं. तर फुलांचा गुच्छ आला आणि लिहिलेलं, थांबा, तुमच्यासाठी खास सवलत आहे.

मग तो नंबर सापडला, जिथं माणूस बोलतो. आधी गाणं लागलं. ते संपेना. मग एक पोरगा बोलायला लागला, छान पुस्तकातलं मराठी.

"सर, मेंबरशिप मॅडमच्या नावावर आहे. सुरक्षेसाठी मला मॅडमशी बोलावं लागेल."

"बोला. तिला फोन लागला तर मला पण द्या. मला वर्षभर बोलायचंय."

"समजलो नाही सर."

"ती वारली."

"ओह. सॉरी सर. मग मॅडमच्या फोनवर एक आकडा येईल, तो मॅडमनी मला सांगितला की—"

"अरे बाबा, मॅडम जळली. मीच अग्नी दिला. तुला आकडा कुठून सांगणार?"

फोनमध्ये त्याच्या मागं आणखी पोरं बोलत होती, बहुतेक तशीच. मग म्हणाला, "सर, सेवा सुरू होती त्या काळाचे पैसे परत देण्याची आमच्याकडे सोय नाही."

"कसली सेवा? वर्षभरात तुम्ही तिला काय दिलंत? एक धागा दिलात?"

"सर, मेंबर म्हणून मॅडमना सवलतीचा लाभ उपलब्ध होता."

"मेलेल्या बाईला?"

"हो सर. म्हणजे, उपलब्ध होता."

त्या पोरावर मी किती ओरडणार? तो पोटासाठी बसलेला. ज्यांनी हे डोकं चालवलं ते फोन उचलायला बसत नाहीत. त्यांना पक्कं ठाऊक आहे, पडवीत बसलेली म्हातारी माणसं खालची बारीक अक्षरं वाचायची नाहीत. वाचू नयेत म्हणूनच ती बारीक केलेली. लोक विसरणार, आजारी पडणार, मरणार, हे सगळं त्यांनी धरलेलंच असणार. मी त्याला एवढंच म्हटलं, "तुझ्या मालकाला सांग, आमच्या गावात असं करणाऱ्याला दोराला हात लावायला देत नाहीत."

"तुमची तक्रार नोंदवून घेतो सर. आणखी काही मदत करू शकतो का?"

मी फोन ठेवला. तोवर मुलगी माझ्या फोनवर तशीच होती. सगळं तिनं ऐकलं होतं.

"बाबा, वरचे पैशे मी घालतंय. साडी घेवया आणि सोडून देवया."

"नको."

"मग तुमी घाला."

"माझे पण नको. ती काय बोलली ता तुका ठावक आसा."

"आता खंयसून हाडतलास तिचे पैशे?"

ती रडत होती की रागावली होती, कळलं नाही. म्हणाली, "तुमी दोघांय सारखीच," आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी किनाऱ्यावर गेलो. गुडघ्यांमुळे दोर सोडून मला बराच काळ झाला होता. रापणीचा म्होरक्या, आमचा तांडेल, म्हणाला, "काका, तुमी कित्याक इलात? वाटो घराक धाडलंय असतंय."

"दोर दी," मी म्हटलं.

ओढला. पेडवे चांगले लागले होते. माझा वाटा मी विकायला दिला नाही. टोपली घेऊन सरळ बायका मासे वाळत घालतात तिथं गेलो. तिची जागा उंडणीच्या झाडापासून जरा पुढं, अजून कुणी घेतली नव्हती. तिचं जुनं जाळं घरातून आणलं होतं, ते पसरलं आणि मासे मांडायला बसलो. जन्मात हे काम मी केलं नव्हतं. बायकांचं म्हणून सोडून दिलेलं.

पलीकडची एक म्हातारी, बायकोच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेली, बराच वेळ बघत होती. "भावोजी, एकार एक घालतत काय मासे? उन्हाक वाट खंयसून मेळतली? वयनी बघीत तर हसात."

"हसांदे."

तिनं हात पुसले, येऊन दोन रांगा मांडून दाखवल्या. बाकीच्या मी सुट्या केल्या. जत्रेला अजून दिवस होते. ऊन कडक होतं. अशा थोड्या टोपल्या वाळल्या की साडीचे काठ पुरे होणार होते, आणि ते पैसे तिच्या जागेवरचे, तिच्या जाळ्यावरचे.

तोवर कावळे जमले. मी उठलो की उडायचे, बसलो की यायचे. मी घरी गेलो, गोठ्याच्या खुंटीवरची पिशवी काढली. एक मोडकं वल्हं होतं, त्याला आडवी काठी बांधली आणि तो पिवळा गाऊन डोक्यातून घातला. बटणं नव्हती, त्यामुळे सोपं गेलं. आणून जाळ्याच्या मधोमध वाळूत रोवला. वारा भरला, हात हलायला लागले, कावळे लांब जाऊन बसले.

म्हातारी डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. "ह्यो झगो कोणाचो ओ?"

"मेंबराचो," मी म्हटलं, आणि उरलेले मासे मांडायला खाली बसलो.