फूल चाटणारे चाचा

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. तरी लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसले होते.

बार्शीटाकळीचे चाचा पिकाला फळ-बी धरावं म्हणून शेतकऱ्यांना मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देत. कोणाच्याही शेतात शिरले की आधी एक फूल तोडून त्याचा रस चाटत. आम्ही मजूर बाया हसायचो. "काहून चाचा, घरी जेवाले नाही भेटत काय?" ते म्हणत, "माशीले काय वाढून ठेवलं हाय ते पायतो, बेटी."

अमरावतीकडच्या संत्र्याच्या फुलात म्हणे चहासारखी तरतरी असते; एकदा प्यायलेली माशी ते झाड विसरत नाही. कांद्याच्या फुलाला मात्र ते तोंड वाकडं करत. "खारट हाय. खारट चहा देल्ला तं तू दुसऱ्यांदा जाशीन काय त्या घरी?" म्हणून बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यात ते पेट्या घाईने आणत नसत. फुलं उमलायच्या आधी आणल्या, तर माशी शेजारचं गोड शिकते आणि मग कांद्याकडे वळत नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरी तर भांडायला आलेल्यालाही आधी चहा मिळे.

एका वर्षी मी रोजीने जायचे त्या शेतात चाचांच्या माश्या कांद्यावर टिकेनात. मालक मला म्हणाले, "गुळाचं पाणी फवार." चाचांनी बजावलं होतं, "गूळ नको. माशी वरचा गूळ चाटन, फुलात उतरनारच नाही." पण ते संत्र्यातल्या पेट्या पाहायला अमरावतीला गेले होते. मी फवारलं. त्याच पंपाने आधी हरभऱ्यावर अळीचं औषध मारलं होतं. घाईत एकदाच खंगाळला.

दुसऱ्या दिवशी आठही पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा. जिभा बाहेर आलेल्या. चाचा आले, एक फूल चाटलं आणि थुंकले. "गूळ हाय. गुळाखाली कडू हाय. कोनं फवारलं?"

"कोणी नाही," मालक म्हणाले. "तुमच्या माश्याच रोगट."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. रोजी गेली असती.

'रोगट माश्यावाला' हे नाव गावोगाव झालं. पुढे त्यांना कोणी बोलावलं नाही.

दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी जाऊन कबूल केलं. "मले त्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "तवा बोलली असती तं धंदा वाचला असता. आता आठ पेट्यांचे पैसे दे. बाकीचं तुह्याजवळच ठेव."

दर महिन्याला रोजीतून थोडे थोडे नेऊन दिले. अंगणात पेट्यांखालच्या विटा तेवढ्या उरल्या होत्या. मागच्या सोमवारी शेवटच्या नोटा दिल्या. चाचांनी बोटाला थुंकी लावून मोजल्या, खिशात घातल्या. "पुरे झाले."

मी उंबऱ्याशी जरा थांबले. आत चहा उकळत होता.

"जाय आता," ते म्हणाले. "एस्टी चुकन."